प्लासिडचे थांबे

प्लासिड तुस्कानो हा आपल्या गावातला सर्वांत भाविक तरुण आहे, असं फादरांनी रविवारच्या मिस्सात भर प्रवचनात जाहीर केलं, तेव्हा शेवटच्या बाकावर बसलेल्या प्लासिडला दरदरून घाम फुटला.

"हा मुलगा एका पायाने अधू आहे," फादर म्हणाले. "पण सायकलवरून जाताना वाटेतल्या प्रत्येक क्रुसापाशी तो थांबतो. क्रुसाला हात लावतो. मान खाली घालतो. मी स्वतः पाहिलं आहे. आणि तुम्ही? दोन्ही पाय धडधाकट असून तुम्ही क्रुसावरून असे जाता, जसं काही पोलीस मागे लागलेत!"

सगळं चर्च मागे वळून बघायला लागलं. बायकांच्या बाजूला मेरीबायने, म्हणजे प्लासिडच्या आईने, लुगड्याचा पदर डोळ्यांना लावला. प्लासिडने मान खाली घातली. त्यामुळे तो आणखीच भाविक दिसला.

खरी गोष्ट अशी होती की प्लासिडला थांबायला काहीतरी लागायचं.

तो दोन वर्षांचा असताना ताप आला, ताप गेला आणि जाताना डावा पाय घेऊन गेला. पाय जागेवरच राहिला म्हणा, पण नुसता राहिला, शेवग्याच्या वाळक्या शेंगेसारखा. त्या दिवसापासून प्लासिडच्या आयुष्यात एकच शब्द सगळ्यात जास्त वेळा आला: बस. मुलं विटीदांडू खेळायला निघाली की, "तू बस." लग्नात बँडच्या मागे सगळी आळी नाचत निघाली की, "तू बस हां, पाय दुखेल." कोणी पाहुणा आला की स्वतः उठून याला खुर्ची, "बस रे बाबा, बस." लोक वाईट नव्हते. उलट फारच चांगले होते, आणि तोच प्लासिडचा वैताग होता. शिवी दिली असती तर उलट शिवी देता आली असती. खुर्ची देणाऱ्याला माणूस काय देणार?

वसईत नंदाखालच्या बाजूला जन्मलेल्या माणसाला सायकल येत नाही, हे म्हणजे माशाला पाणी आवडत नाही म्हणण्यासारखं. भाजीच्या पाट्या सायकलवर, दुधाच्या बरण्या सायकलवर, नवरानवरी सायकलवर, आजारी म्हातारासुद्धा डॉक्टरकडे सायकलवर. प्लासिड विशीत आला तेव्हा त्याने कुबडी घेतली आणि सरळ आत्माराम सायकलवाल्याचं दुकान गाठलं.

आत्मारामने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पायडल दोन, पाय एक. हिशोब कसा जुळवायचा?"

"ते तू बघ. मिस्त्री तू आहेस."

आत्मारामने दोन बिड्या ओढल्या. मग म्हणाला, "हे बघ, दोन पायांचा माणूस पायडल नुसतं खाली दाबतो. वर आणायचं काम दुसरा पाय करतो. तुला खाली दाबायचंही तूच आणि वर ओढायचंही तूच." त्याने जुन्या ट्यूबची पट्टी कापली, उजव्या पायडलवर घट्ट पट्टा केला आणि त्यात प्लासिडचा उजवा पाय अडकवला. डाव्या बाजूचं पायडल काढून टाकलं आणि तिथे लोखंडी पट्टी वाकवून वाळका पाय ठेवायला एक पाळणा केला. कुबडी दांडीला बांधली. "चल. आता तू आणि सायकल एकच झालात. पडलात तरी एकत्र पडणार."

ते खरं होतं. पाय पट्ट्यात बांधलेला. बाकीची माणसं सायकल थांबवतात तेव्हा पटकन एक पाय जमिनीला टेकवतात. प्लासिडला पाय टेकवायचा तर आधी वाकून हाताने पट्टा सोडवायला हवा, आणि पट्टा सोडवायचा तर आधी कशाला तरी धरायला हवं. थांबला की पडला, असा मामला. पहिल्या आठवड्यात तो निवडुंगात पडला, पानवेलीत पडला, पाटाच्या पाण्यात पडला आणि एकदा पोलीस पाटलाच्या अंगावर पडला.

मग त्याला क्रूस सापडले.

वसईतल्या ख्रिस्ती गावात वळणावळणावर क्रूस. कोणी नवसाचा उभा केलेला, कोणी पटकीच्या साथीत उभा केलेला. प्रत्येकाला चुनेगच्ची चौथरा, सायकलच्या सीटच्या बरोबर उंचीचा. जणू चौथरा बांधताना गवंड्याने प्लासिडचं माप घेतलं होतं. क्रुसाजवळ यायचं, डाव्या हाताने क्रूस धरायचा, मान टाकून दम खायचा. एका पायाने दोन पायांचं काम करणाऱ्या माणसाला दम तर लागणारच. उतरायचं असेल तर पट्टा सोडून चौथऱ्यावर सरकायचं. चढायचं असेल तर चौथऱ्यावरून सीटवर सरकायचं. लांबून बघणाऱ्याला काय दिसणार? एक तरुण, एक क्रूस, क्रुसावर हात, खाली घातलेली मान.

फादरांनाही तेच दिसलं.

*

आता त्या प्रवचनाने प्लासिडचं काय बिघडलं? तर त्याच वेळी तो एका गोष्टीच्या मागे लागला होता. गावात फर्डिनंड मच्याडोची बेकरी होती. प्लासिड तिथे कामाला होता. पीठ मळणं, गोळे तोडणं, पावाच्या लाद्या भरणं. अर्थात बसून. दारोदार पाव पोचवायच्या बेकरीच्या दोन लाईनी होत्या. एक गावची, ती फर्डिनंडचा पुतण्या रॉबर्ट करायचा. दुसरी आगाशीवरून अर्नाळ्याच्या कोळीवाड्यापर्यंतची. ती करणारा माणूस नुकताच मस्कतला गेला होता. प्लासिडला लाईन हवी होती. सायकलच्या कॅरियरवर पावाची टोपली, हँडलला रबरी भोंगा आणि पों पों करत लोकांच्या दारात जाणं. आयुष्यभर लोक त्याच्या दारात येऊन त्याला बसवून गेले होते. त्याला लोकांच्या दारात जायचं होतं.

त्याने आधी विचारलं होतं तेव्हा फर्डिनंड म्हणाला होता, "प्लासू, तू माझ्या मुलासारखा. तू बस भट्टीपाशी."

पण प्रवचनानंतर फर्डिनंड स्वतः चालत आला. फर्डिनंडचा देवावर विश्वास होताच, पण फादरांवर जास्त होता. "प्लासू, फादरांनी तुझं नाव घेतलं. मी तुला नाही म्हणालो हे काही बरं झालं नाही. घे लाईन. चर्चच्या फेस्तापर्यंत करून दाखव. जमली तर तुझी, नाही जमली तर रॉबर्ट दोन्ही करील."

प्लासिडचा चेहरा असा उजळला की भट्टीच्या उजेडातही दिसला. "गावची ना, काका?"

"गावची कशी? आगाशीची."

"काका, गावची द्या. आगाशीची रॉबर्टला द्या."

"अरे वेड्या," फर्डिनंडने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "गावच्या लाईनवर पावलापावलाला क्रूस. तू प्रत्येकापाशी प्रार्थना करणार, तोवर माझा पाव थंड! मी विचार करूनच आगाशीची दिली. तिकडे सगळी हिंदू वस्ती. क्रूस फारसा नाहीच. सुसाट जा!"

मागे उभा असलेला रॉबर्ट हसून म्हणाला, "अगदी सुसाट हां, प्लासिड."

प्लासिडच्या जिभेवर खरं आलं होतं. पण खरं सांगितलं तर भाविकपणा जाणार, आणि भाविकपणा गेला तर लाईन जाणार. ज्याला थांबायला आधार लागतो त्याला फर्डिनंड पाव कशाला देईल? प्लासिडने खरं गिळलं आणि म्हणाला, "बरं."

*

पहिल्या दिवशी सकाळी तो आगाशीच्या हद्दीत शिरला तो जीव मुठीत धरूनच. दोन्ही बाजूंना केळीच्या वाड्या, पानवेली, मोगरा. झाडं होती, पण कुंपणाच्या आत. पहिलंच गिऱ्हाईक नर्मदा म्हात्रे. घरासमोर बांबूचं फाटक. प्लासिडने भोंगा वाजवला, फाटक धरलं, आणि फाटकाला कडी नव्हती. फाटक आत उघडलं. फाटकाबरोबर प्लासिड, सायकल, भोंगा आणि पाव, सगळी वरात अंगणात शिरली आणि नर्मदाच्या मोगऱ्याच्या वाफ्यात आडवी झाली.

नर्मदा उन्हात वाळवायच्या सुकेळ्यांसाठी केळी सोलत बसली होती. ती उठलीसुद्धा नाही. "पाव द्यायला आलास की मुलगी बघायला?"

"पाव, मावशी."

"मग उठ की."

"उठता येत नाही."

ती जवळ आली. तिने त्याला ओढलं तर सायकलही उठायला लागली. "अगं बाई! ही तर सोडेना तुला!" मग तिला पट्टा दिसला, वाळका पाय दिसला, दांडीला बांधलेली कुबडी दिसली. प्लासिडला वाटलं, आता खुर्ची येणार. आता म्हणणार, बस रे बाबा, बस.

नर्मदा म्हणाली, "माझा मोगरा मोडलास. उद्या एक लादी जास्त आणायची."

आणि का कोण जाणे, आईला नाही, फादरांना नाही, पण या अनोळखी बाईला प्लासिडने सगळं सांगून टाकलं. क्रूस, प्रवचन, फर्डिनंड, सगळं. नर्मदा ऐकता ऐकता हसायला लागली, हसता हसता खाली बसली आणि शेवटी केळ्याच्या सालीने डोळे पुसायला निघाली होती.

"म्हणजे देवभक्त म्हणून तुला बिनदेवाच्या रस्त्यावर पाठवला! बरं, हे बघ." तिने अंगणातल्या तुळशी वृंदावनावर थाप मारली. "माझ्या आजेसासऱ्यांनी बांधलंय. एवढे पूर आले, हललं नाही. उद्यापासून फाटक उघडं ठेवते. सरळ आत ये आणि याला धर."

प्लासिड चाचरला. "मी ख्रिस्ती माणूस मावशी, तुळशीला हात लावू?"

"हात धुतोस ना?"

"म्हणजे काय! याच हातांनी पीठ मळतो."

"मग त्या हातचा पाव आम्ही खातो ते चालतं, आणि तुळशीला चालत नाही? फक्त पानं तोडू नकोस. आणि कुंडीत पाव ठेवू नकोस."

असा प्लासिडचा पहिला थांबा पक्का झाला. मग बाकीचे होत गेले. पुढे मारुतीच्या देवळाबाहेरची दीपमाळ. वडाचा पार. एका वाडीतल्या रहाटाच्या विहिरीचा कठडा. अर्नाळ्यात वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या. प्रत्येक ठिकाणी भोंगा, हात, दम, पाव, आणि पुढे. लोक बाहेर यायचे आणि उभ्या उभ्या पाव घेऊन जायचे. त्याला कोणी बस म्हणायचं नाही, कारण तो बसलेलाच असायचा, आणि तोही सगळ्यांपेक्षा उंच.

एकच अडचण होती, ती म्हणजे जिजा. अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातली गल्ली आधीच अरुंद. दोन्ही बाजूंना वाळत घातलेले बोंबील, मधे कोंबड्या, आणि रोज नेमकी त्याच वेळी जिजा डोक्यावर मासळीची पाटी घेऊन गल्लीच्या अगदी मधोमध चालायची. ती बाजूला व्हायची नाही. भोंगा वाजवला तर आणखी सावकाश चालायची.

"जिजाबाय, जरा बाजूला!"

"कोन तू? कलेक्टर हायस?"

"पाववाला."

"मंग पाव काय पलून जातो? माज्या मागून ये."

थांबावं तर धरायला काही नाही. बोंबलाची काठी धरली तर बोंबील अंगावर. मग प्लासिड जिजाच्या मागून सायकल चालवायला शिकला. जिजा चालेल तेवढीच. जिजा कोणाशी भांडायला थांबली की सायकल जागच्या जागी. हँडल इकडे, हँडल तिकडे, पायडल बोटभर खाली, बोटभर वर, ब्रेक जरासा. पाय तर टेकवता येतच नव्हता. आणि जिजाची भांडणं काही छोटी नसायची. मासळीच्या भावावरून सुरू झालं की ते समोरच्या बाईच्या माहेरापर्यंत जायचं. तेवढा वेळ प्लासिड सीटवर, हवेत, पाव पाठीशी घेऊन, घार तरंगते तसा.

*

चर्चच्या सणाचं, फेस्ताचं, दिवस जवळ आले आणि रॉबर्टच्या सायकलची ट्यूब आगाशीत पंक्चर झाली. तो तिथे कशाला गेला होता ते त्यालाच माहीत. पण त्याने पाहिलं ते असं: नर्मदाच्या अंगणात प्लासिड तुळशीवर हात ठेवून मान खाली घालून थांबला आहे आणि नर्मदा त्याच्या हातावर सुकेळं ठेवते आहे. रॉबर्ट त्याच्या मागोमाग गेला. प्लासिड पुढे मारुतीच्या दीपमाळेला हात लावून पुन्हा मान खाली.

दुपारपर्यंत गावात बातमी होती. संध्याकाळपर्यंत बातमीला पोरंबाळं झाली. कोणी म्हणालं, प्लासिड तुळशीला प्रदक्षिणा घालतो. कोणी म्हणालं, शनिवारी तेल वाहतो. कोणी म्हणालं, आगाशीतली मुलगी ठरली, नावसुद्धा बदलणार, प्रल्हाद.

मेरीबायने जेवायला वाढताना ताट आपटलं. "एका देवानं भागत नाही होय रे तुझं? दोन्हीकडचं पुण्य पाहिजे?"

"आय, मी नुसता धरतो."

"नुसता धरतो? कोणाला धरतो?"

प्लासिड काय सांगणार? फर्डिनंडने तर बोलावून स्पष्टच सांगितलं. "प्लासू, मी तुला फादरांच्या शब्दावर लाईन दिली. आता लोक मला विचारतात, तुझा पाववाला प्रसाद वाटतो का? फेस्त झालं की लाईन रॉबर्टची. तू भट्टीपाशी बस."

भट्टी त्या दिवशी प्लासिडला फार गरम लागली.

*

फेस्ताच्या दुपारी शाळेच्या मैदानावर शर्यती. लाऊडस्पीकर, पताका, बर्फाचे गोळे, आणि आजूबाजूच्या गावांची सगळी माणसं, कारण फेस्ताच्या जत्रेला कोणी धर्म विचारून येत नाही. नर्मदा सुकेळी विकायला बसली होती. जिजा सुकी मासळी घेऊन आली होती आणि गोळेवाल्याशी तिचं भांडण अगोदरच सुरू झालं होतं. बक्षिसं फर्डिनंडच्या बेकरीकडून, म्हणून फर्डिनंड खुर्चीवर, फादरांच्या शेजारी.

पीटीच्या सरांनी माईकवर पुकारलं, "आता स्लो सायकल! सर्वांत शेवटी पोहोचेल तो पहिला. पाय जमिनीला लागला तो बाद. मागे फिरायचं नाही, आखलेल्या पट्ट्याच्या बाहेर जायचं नाही!"

रॉबर्ट उतरला. शेजारच्या उमराळे गावचा एक शिडशिडीत पोरगा उतरला, तो मागच्या वर्षीचा विजेता. आणखी काही जण उतरले. आणि मैदानाच्या कडेच्या क्रुसाच्या चौथऱ्यावरून एक सायकल निघाली आणि डुलत डुलत रेषेवर आली. आत्माराम सायकलवाल्याने पुढे होऊन धरायला खांदा दिला. प्लासिडने तो धरला.

"अरे, तू बस ना," कोणीतरी मायेने ओरडलं.

रॉबर्ट सरांकडे धावला. "सर, हे चालायचं नाही! याचा पाय बांधलेला आहे. बांधलेला पाय जमिनीला लागणारच कसा? मग हा बाद कधी होणार?"

सरांना प्रश्न रास्त वाटला. ते माईक हातात घेऊनच प्लासिडजवळ आले. "पाय का बांधला आहेस?"

माईक चालू होता. प्लासिडने एकदा फर्डिनंडकडे पाहिलं. लाईन तर गेलीच होती. मग गिळून ठेवलेलं खरं आता पोटात ठेवून तरी काय उपयोग?

"एकच पाय चालतो सर, म्हणून," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज सगळ्या मैदानावर, गोळ्यांच्या गाडीपर्यंत आणि चर्चच्या पायऱ्यांपर्यंत गेला. "दाबायचंही त्यानेच, ओढायचंही त्यानेच. पाय खाली टेकवता येत नाही, म्हणून थांबायला काहीतरी धरावं लागतं. गावात मी क्रूस धरतो. आगाशीत क्रूस नाही, म्हणून तुळस धरतो. मारुतीची दीपमाळ धरतो. अर्नाळ्याला होडी धरतो. उद्या आणखी काही सापडलं तर तेही धरीन. मी भाविक नाही फादर. मी पाववाला आहे."

गोळेवाल्याशी चाललेलं जिजाचं भांडणसुद्धा थांबलं.

फादर खुर्चीतून उठले. त्यांनी माईक घेतला. "म्हणजे क्रुसावर मान टाकून तू प्रार्थना करत नव्हतास?"

"करायचो फादर. एकच. पाडू नको."

पहिल्यांदा हसले ते फादरच. मग हसणं मैदानभर पसरलं, आणि त्यात नर्मदाचा आवाज सगळ्यात वरचा होता. मेरीबाय मात्र हसत नव्हती. ती मुलाकडे अशी बघत होती, जसं काही तो आजच घरी आला.

सर म्हणाले, "नियम सोपा आहे. सायकल पडली की हा बाद. रॉबर्ट, पाय बांधण्यात फायदा वाटत असेल तर तूही बांध."

"बांधतो!" रॉबर्ट म्हणाला. आत्मारामने खिशातून ट्यूबची पट्टी काढली आणि मोठ्या प्रेमाने बांधून दिली.

शिट्टी वाजली. रॉबर्ट निघाला, जरा डुलला, सवयीने नेमका बांधलेला पाय खाली टेकवायला गेला, आणि पाय आलाच नाही. झाड पडावं तसा तो शांतपणे आडवा झाला. पडल्या पडल्या त्याला सायकल सोडेना. "आता कळलं?" आत्मारामने विचारलं आणि सावकाश, फारच सावकाश, पट्टा सोडायला बसला.

बाकीचे एकेक करून गेले. कोणाचा पाय लागला, कोणी पट्ट्याबाहेर गेला. उरला उमराळ्याचा पोरगा आणि प्लासिड. पोरगा चांगला होता. हँडल मुरडत, सीटवरून उठत, घामाने निथळत तो इंचाइंचाने सरकत होता. प्लासिड त्याच्याही मागे. तो सीटवर असा बसला होता की जणू अर्नाळ्याच्या गल्लीत आहे आणि पुढे जिजा भांडते आहे.

आणि तेवढ्यात मैदानातलं एक लूत भरलेलं कुत्रं आलं, बरोबर प्लासिडच्या आखलेल्या पट्ट्यात बसलं आणि कान खाजवायला लागलं.

"हाड! हाड!" माणसं ओरडली. कुत्र्याने दुसरा कान घेतला. प्लासिडचं पुढचं चाक कुत्र्याच्या शेपटीला टेकलं आणि थांबलं. हँडल इकडे. हँडल तिकडे. पायडल बोटभर खाली, बोटभर वर. सगळं मैदान श्वास रोखून उभं. शेजारच्या पट्ट्यातल्या उमराळ्याच्या पोराने नवल बघायला मान वळवली, तोल गेला, सावरायला त्याने पायडल मारलं आणि सायकल सुसाट रेषेपार झाली.

"गेला! गेला!" आता सगळे प्लासिडकडे वळले. "प्लासिड, सावकाश! घाई करू नको! मागे राहा!"

आयुष्यभर जे काळजीने सांगत आले, तेच आता टाळ्या वाजवून सांगत होते. प्लासिडला हसू आलं. कुत्र्याने कान संपवले, जांभई दिली, उठलं आणि निघून गेलं. त्याच्या मागून प्लासिड, ताठ बसून, रेषेपार झाला आणि पलीकडे आत्मारामचा खांदा धरून थांबला.

जिजा गर्दीतून पुढे आली आणि कमरेवर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "मीच शिकवला त्याला! रोज माज्या मागून चालवतो."

बक्षीस होतं भलामोठा केक. तो फर्डिनंडच्या बेकरीतला, आणि त्याचं पीठ आदल्या दिवशी प्लासिडनेच फेटलं होतं. फर्डिनंड केक घेऊन आला, पण देईना. तसाच हातात धरून उभा राहिला.

"एवढे दिवस लाईन केलीस," तो म्हणाला. "पाव कधी मातीत पडला?"

"एकदा. पहिल्या दिवशी. नर्मदामावशींच्या मोगऱ्यात."

"ते आम्ही झटकून खाल्ले!" मागून नर्मदा ओरडली. "आणि शेठ, ऐका, लाईन याची काढलीत तर आगाशीत तुमचा भोंगा वाजवायला येऊ नका. आमच्या तुळशीला याच्या हाताची सवय झाली आहे!"

"आमच्या होड्यांना पन!" जिजा म्हणाली. "दुसरा कोन आला तर मी वाट देनार नाय."

"ह्याला तरी कुठे देतेस?" कोणीतरी म्हणालं.

फर्डिनंडने फादरांकडे पाहिलं. फादर हसत बर्फाचा गोळा चोखत होते. त्यांच्याकडून काही शब्द येईना, तेव्हा फर्डिनंडला प्रथमच स्वतःच्या डोक्याने ठरवावं लागलं. "प्लासू," तो म्हणाला, "मघाशी मला वाटलं, ज्याला थांबायला आधार लागतो तो माणूस पाव काय नेणार. पण ज्याला कुत्र्याच्या शेपटीमागेही थांबता येतं, त्याच्या टोपलीतला पाव कशाला पडेल? लाईन तुझी. आज, उद्या आणि पुढेही. उद्या उशीर करू नकोस."

"आणि तुळस, काका?"

"धर बाबा. पाव गरम पोहोचला पाहिजे, मग काय धरायचं ते धर."

केक टोपलीत ठेवला गेला. मेरीबाय जवळ आली, मुलाच्या कपाळावरचा घाम पुसला आणि सवयीने म्हणाली, "दमला असशील. जरा बस."

"बसलोच आहे, आय," प्लासिड सीटवरून म्हणाला.

आत्मारामच्या खांद्यावरचा हात त्याने काढला. सायकल मैदानाबाहेर पडली. मागून सगळी आळी, लग्नाच्या वरातीसारखी. वळणावर क्रूस आला तशी मागची माणसं आपोआप हळू झाली. आता खरं कळलं होतं, तेव्हा हा थांबतो की नाही, हे सगळ्यांनाच बघायचं होतं. फादरांनासुद्धा.

प्लासिड थांबला. पण हात लावला नाही. क्रुसासमोर सायकल जागच्या जागी ठेवली, पायडल बोटभर खाली, बोटभर वर. डावा हात हँडलवर. उजवा हात त्याने उचलला, कपाळाला नेला, छातीला नेला, एका खांद्याला, मग दुसऱ्या. सावकाश, एक खूणसुद्धा न गाळता. सायकल हलली नाही.

मग त्याने भोंगा वाजवला, पों पों, आणि निघाला.